फादरांसाठी प्रार्थना करायची, म्हणजे नेमके काय करायचे?

वाचकाचे पत्र

मी मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि माझे पती रेल्वेच्या लेखा विभागातून. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये, गेल्या जूनपासून नवे फादर आले आहेत. ते मूळचे केरळचे. मराठी अडखळत बोलतात, ‘भावांनो’चे ‘बावांनो’ होते आणि मागच्या बाकांवरची मुले हसतात. प्रवचन लांबते. आधीच्या फादरांशी तुलनाही होत राहते. ऑफिसात कोणी अवेळी गेले तर ते चिडतात, अशीही तक्रार आहे. कोणीतरी त्यांच्या प्रवचनाचा तुकडा रेकॉर्ड करून पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि त्यावर दोन दिवस थट्टा चालली. मला हे पाहवत नाही. आपण फादरांसाठी रोज प्रार्थना करू या, असे मी घरी म्हटले, तेव्हा माझा तिशीतला मुलगा म्हणाला, “आई, प्रार्थनेने त्यांचे मराठी सुधारणार आहे का? आणि उद्या ते खरेच चुकीचे वागले, तर तेव्हाही आपण प्रार्थनाच करत बसायचे का?” मला उत्तर देता आले नाही. फादरांना आधार द्यावा असे मनापासून वाटते, पण एक बाई वारंवार त्यांच्या बंगल्यावर जाऊ लागली तर लोक काय बोलतील, हीही धास्ती आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

एक भगिनी, नागपूर

उत्तर

प्रिय ताई,

जय येशू. तुमच्या मुलाचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना बगल देऊन सुरू केलेली प्रार्थना आठवडाभर चालेल आणि मग आपोआप बंद पडेल, म्हणून आधी त्यांचाच विचार करू.

प्रार्थनेने काय होते, या प्रश्नाचे शुभवर्तमानातले उत्तर फारसे सोयीचे नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिमोन पेत्राला सांगितले, की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे (लूक २२:३२). ही विनंती प्रत्यक्ष प्रभूची होती, तरीही त्याच रात्री, कोंबडा आरवण्यापूर्वी, पेत्राने त्याला तीनदा नाकारले. म्हणजे प्रार्थनेने पेत्राचे पडणे टळले नाही. मात्र पडल्यानंतर तो, प्रभूला धरून देऊन मग जीव देणाऱ्या यहूदाच्या वाटेने गेला नाही. तो बाहेर जाऊन रडला, परत आला, आणि त्याच वचनात प्रभूने पुढे सांगितल्याप्रमाणे आपल्या भावांना स्थिर करणारा झाला. धर्मगुरूसाठी आपण मागतो ते हेच असते. त्याच्या हातून कधीच चूक होऊ नये अशी हमी आपण मागत नाही. चुकल्यावर, थकल्यावर किंवा एकटा पडल्यावर त्याने पाठ फिरवून निघून जाऊ नये, एवढे मागतो. फादरांचे मराठी प्रार्थनेने सुधारणार नाही, हे तुमच्या मुलाचे म्हणणे तुम्ही खुशाल मान्य करा. त्यासाठी वेगळा उपाय आहे आणि तो तुमच्याच हातात आहे. त्याकडे पुढे येते.

प्रार्थनेचे फळ डोळ्यांना दिसेलच असेही नाही, हेही त्याला सांगून टाका. लिझ्यूच्या संत तेरेझा १८८७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांबरोबर इटलीच्या यात्रेला गेल्या. त्या यात्रेत अनेक धर्मगुरू सोबत होते. धर्मगुरूंसाठी प्रार्थना करण्याची गरजच काय, असे तोवर त्यांना वाटत असे. महिनाभराच्या सहवासात त्यांना कळले, की ही चांगली पण दुर्बळ माणसे आहेत. पुढे कार्मेल मठात गेल्यावर धर्मगुरूंसाठी प्रार्थना करणे हे त्यांनी आपले खास काम मानले. हायसिंथ लॉयझॉन नावाचे एक नामवंत प्रवचनकार होते, तेरेझांच्याच कार्मेल संघातले; त्यांनी १८६९ मध्ये चर्चपासून फारकत घेतली होती. त्यांच्यासाठी तेरेझा वर्षानुवर्षे प्रार्थना करत राहिल्या आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या असताना, ऑगस्ट १८९७ मध्ये, आपला अखेरचा ख्रिस्तप्रसादही त्यांनी त्याच माणसासाठी अर्पण केला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला त्या वारल्या. लॉयझॉन १९१२ मध्ये वारले. तोवर ते चर्चमध्ये परत आले नव्हते. जगाच्या हिशेबाने ती प्रार्थना वाया गेली. चर्चने मात्र १९२७ मध्ये याच तेरेझांना मिशनकार्याच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले, आणि त्या तर मठाच्या भिंतीबाहेर कधी मिशनवर गेल्याच नव्हत्या.

आता प्रत्यक्ष प्रार्थनेविषयी. “सर्व धर्मगुरूंना आशीर्वाद दे” ही प्रार्थना वाईट नाही, पण ती इतकी मोघम आहे की म्हणणाऱ्याच्या मनावर तिचा ओरखडाही उठत नाही. माझा आग्रह नावाने प्रार्थना करण्याचा आहे. रोजच्या जपमाळेतला एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा भाग, तुमच्या फादरांच्या नावाने म्हणा, आणि त्या दिवशी त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक असेल तर तेही प्रभूला सांगा: आज त्यांना एका तरुण मुलाचा दफनविधी करायचा आहे, आज शाळेच्या प्रवेशांची यादी लागणार आहे, आज त्यांच्या आईचे ऑपरेशन आहे. एवढे सांगायचे म्हणजे आधी एवढे माहीत करून घ्यावे लागते, आणि तिथूनच माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलू लागते. ज्याचे नाव सकाळी देवापुढे घेतले, त्याची नक्कल संध्याकाळी ग्रुपवर पुढे पाठवणे जड जाते. तुमच्या मुलाला प्रार्थनेचा परिणाम पाहायचाच असेल, तर तो आधी इथे दिसेल.

आणखी एक सुचवते. घरातले बाप्तिस्म्याचे दाखले बाहेर काढा. प्रत्येक दाखल्यावर बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे नाव असते. तुमच्या मुलाला बाप्तिस्मा देणारे फादर आज कुठे आहेत? कदाचित दूरच्या एखाद्या पॅरिशमध्ये असतील, कदाचित वृद्धाश्रमात, कदाचित या जगातही नसतील. त्यांच्यासाठी त्या घरातून कोणी प्रार्थना केली नाही, तर दुसरे कोण करणार? हे काम मुलालाच करायला सांगा. तिशीतल्या माणसाला उपदेश आवडत नाही, पण शोधाशोध आवडते, असा माझा अनुभव आहे.

मिस्सेमध्येही, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतही, अशा जागा आहेत ज्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. अर्पणविधीच्या वेळी वेदीसेवक पाणी ओततो आणि फादर बोटे धुतात, त्या क्षणी ते हलक्या आवाजात एक वाक्य म्हणतात: प्रभो, माझा अपराध धुऊन टाक, मला माझ्या पापापासून शुद्ध कर. ते एक्कावन्नाव्या स्तोत्रातले वाक्य आहे. आपण तेव्हा गाण्याच्या वहीत पान शोधत असतो किंवा दानाची थैली पुढे सरकवत असतो. शेकडो लोकांसमोर उभा असलेला माणूस वेदीच्या कडेला स्वतःच्या पापांची क्षमा मागतो आहे, हे एकदा नीट पाहा. लगेच पुढे ते हात पसरून सगळ्यांना सांगतात, की माझा आणि तुमचा हा यज्ञ पित्याला मान्य व्हावा म्हणून प्रार्थना करा. म्हणजे प्रार्थनेची ही विनंती तुम्हाला मुद्दाम शोधून काढायची नाही. फादर स्वतः प्रत्येक मिस्सेत ती करतात आणि आपण तिचे उत्तर पाठ म्हणून मोकळे होतो. ते उत्तर पुढच्या रविवारी जरा सावकाश आणि त्यांच्याकडे पाहून म्हणा. उलट बाजूनेही एक गोष्ट घडत असते, जी बहुतेक पॅरिशवासीयांना ठाऊक नसते: चर्चच्या कायद्याच्या कलम ५३४ प्रमाणे पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना एक मिस्सा आपल्या पॅरिशमधील लोकांसाठी अर्पण केलीच पाहिजे, आणि तिचे दान तो कोणाकडूनही घेऊ शकत नाही. ग्रुपवर थट्टा करणारेही त्या मिस्सेत येतात.

वर्षातले दोन दिवस यासाठी खास आहेत. येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाला धर्मगुरूंच्या पवित्रीकरणासाठी प्रार्थना करण्याचा दिवस पाळावा, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये सुचवले. दुसरा दिवस ४ ऑगस्टचा, संत जॉन मेरी व्हियानी यांचा, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण तुमच्या पॅरिशमधल्या तक्रारींना त्यांच्या आयुष्यात जुळणारे बरेच काही आहे.

व्हियानी १८१५ मध्ये धर्मगुरू झाले. लॅटिन काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नसे आणि सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, ते नेहमी मागे पडत. १८१८ मध्ये त्यांना फ्रान्समधल्या आर्स या खेड्यात पाठवले, तेव्हा तिथली वस्ती अडीचशेच्याही आत होती. पुढे लांबून लांबून लोक त्यांच्याकडे पापकबुलीसाठी येऊ लागले, तेव्हा आसपासच्या काही धर्मगुरूंनी, हा अडाणी माणूस या कामास लायक नाही, अशा आशयाचे तक्रारपत्र सह्यांसाठी फिरवले. ते चुकून त्यांच्याच हाती आले आणि त्यांनी त्यावर स्वतःची सही करून ते पुढे पाठवून दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रवचनांतून ही सहीची गोष्ट फार सांगितली जाते. मला तिच्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: हा संत आपल्या पॅरिशमधून पळून जाण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा करून बसला होता. दिवसाला सोळा-सोळा तास कन्फेशनच्या खुर्चीत बसणाऱ्या त्या माणसाला आपण अपुरे पडतो आहोत असे वाटे आणि कुठेतरी एकांतात जाऊन पडावे, एवढीच इच्छा उरे. १८५३ मध्ये ते रात्री निघाले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना अडवून परत आणले. त्यांना १९२५ मध्ये संतपद मिळाले आणि १९२९ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना पॅरिशच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरवले. पळून जावेसे वाटणे हे पाखंड नाही, इतके तरी यावरून समजावे. आर्सच्या लोकांनी वाट अडवली ती प्रेमापोटी, हे खरे. पण त्या प्रेमात थोडा स्वार्थही होता, आणि त्यांच्यापैकी कोणी त्या सोळा तासांतले चार तास कमी करण्याचा विचार केला होता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

कारण आधार म्हणजे धर्मगुरूच्या डोक्यावरचे ओझे कमी करणे. आपल्याकडे आधाराच्या नावाखाली बहुधा ओझे वाढवले जाते. सणाला शाल आणि पुष्पगुच्छ, वाढदिवसाला चार केक, गाण्याचा कार्यक्रम आणि तीन भाषणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फादरांपुढे नातवाच्या शाळाप्रवेशासाठी चिठ्ठी. नागपुरात बऱ्याच धर्मगुरूंकडे पॅरिशबरोबर शाळेचाही कारभार असतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसचे दार वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना धर्मगुरू हवा असतो आणि किती जणांना मॅनेजर, हे त्यांचे त्यांनाच माहीत. मे महिन्यातला रविवार घ्या. सकाळी पॅरिशमध्ये एक किंवा दोन मिस्सा, मग मिस्सेच्या सामानाची पेटी मोटारसायकलला बांधून उपकेंद्रावर आणखी एक, परतताना ऊन पंचेचाळीस अंशांवर गेलेले, आणि जेवायला बसणार तोच फोन येतो, की मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात कोणी अत्यवस्थ आहे, अभ्यंगासाठी (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या विधीसाठी) यावे. ते जातात. परत आल्यावर लग्नाची नोटीस घेऊन एक कुटुंब ऑफिसच्या पायरीवर बसलेले असते आणि म्हणते, आम्ही तासभर थांबलो आहोत. अशा वेळी माणूस चिडतो. त्याने चिडावे असे मी म्हणत नाही. नागपूरच्या सदर भागातले आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स सौम्यपणासाठी प्रसिद्ध असले, तरी तो सौम्यपणा त्यांना जन्मजात नव्हता. तापट स्वभावाशी वर्षानुवर्षे झगडून त्यांनी तो मिळवला, असे सांगतात. तुमच्या फादरांना तेवढा वेळ द्या, आणि दरम्यान ऑफिसच्या वेळेची पाटी ठळक अक्षरांत लावून घ्या. निम्मी चिडचिड पाटीनेच जाईल.

आता मराठीकडे येते. ताई, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलेत आणि तुमच्या पॅरिशला नेमकी तीच अडचण आहे. परमेश्वर यापेक्षा स्पष्ट खूण काय करणार? फादरांना भेटून सांगा, की येत्या रविवारचे शुभवर्तमान आपण शुक्रवारी संध्याकाळी एकत्र मोठ्याने वाचू या. महाप्राण कुठे येतो, वाक्य कुठे तोडायचे, कोणत्या शब्दावर थांबायचे, एवढेच बघायचे. व्याकरणाचा तास घेऊ नका. प्रवचनाचे मुद्दे त्यांनी मराठीत लिहून आणले तर तेही वाचून द्या, आणि कागद एका पानाचा असेल तर प्रवचनाची लांबी हा विषय न काढताच सुटेल. आपल्या भागात चर्चचे काम ज्यांनी उभे केले ते मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतातून, अ‍ॅनसीहून आले होते. त्यांच्या कामातूनच पुढे १८८७ मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५३ मध्ये तो आर्चडायसिस झाला. त्यांना तरी पहिल्या वर्षी कोणती भाषा नीट येत असणार? कोणीतरी स्थानिक माणूस शेजारी बसला म्हणूनच ते शिकले. केरळमधून आलेला मुलगा सेमिनरीत किमान सहा वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून धर्मगुरू होतो, पण विदर्भातल्या आजीबाईंशी कसे बोलायचे ते त्याला पॅरिशच शिकवते. सेमिनरी हिल्सवर राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. सेंट चार्ल्स सेमिनरीतले विद्यार्थी रविवारी कोणकोणत्या भाषांशी झटापट करतात, ते त्यांनी पाहिलेले असते.

लोक काय म्हणतील, ही तुमची धास्ती अनाठायी नाही आणि तिची लाज वाटण्याचेही कारण नाही. तुमची जशी अब्रू आहे तशी ती फादरांचीही आहे. हे वाचन बंगल्यावर न करता चर्चच्या सभागृहात किंवा ऑफिसात, दार उघडे ठेवून, ठरलेल्या वेळी करा. पती सोबत असले तर उत्तम. त्याहून चांगले म्हणजे मिस्सेत वाचने करणाऱ्या सगळ्यांनाच बोलवा. रात्री उशिरा वैयक्तिक निरोप पाठवणे, आपल्या घरातली भांडणे त्यांच्यापुढे रोज मांडणे, इतर कोणाला ठाऊक नसलेली त्यांची दुःखे आपल्यालाच ठाऊक आहेत असे भासवणे, यांपासून दूर राहा. धर्मगुरूचा एकटेपणा कमी करायचा तो अनेक कुटुंबांनी मिळून; एकाच व्यक्तीने तो भरून काढायला गेल्यास दोघांचीही वाट बिकट होते.

तुमच्या पतींचाही उपयोग करून घ्या. चर्चच्या कायद्याच्या कलम ५३७ नुसार प्रत्येक पॅरिशमध्ये आर्थिक समिती असणे सक्तीचे आहे. रेल्वेच्या लेखा विभागात आयुष्य काढलेल्या माणसाने महिन्यातून दोन संध्याकाळी तिथे बसून पावत्या आणि वह्या जुळवल्या, तर फादरांचे कितीतरी तास वाचतील आणि त्यांच्या पैशाबद्दलची कुजबुजही थांबेल. या कुजबुजीविषयी थोडे सांगायला हवे. मिस्सेसाठी दिलेल्या दानाबद्दल आपल्या लोकांच्या विलक्षण कल्पना असतात. धर्मगुरूने एका दिवसात दोन-तीन मिस्सा अर्पण केल्या, तरी नाताळचा दिवस सोडल्यास त्याला त्यांतल्या एकाच मिस्सेचे दान स्वतःसाठी ठेवता येते. बाकीचे बिशपांनी ठरवून दिलेल्या कार्यासाठी जाते. धर्मगुरूंच्या योग्य निर्वाहाची तरतूद करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, असे कलम २२२ सांगते. ते उपकार नाहीत.

जेवणाबद्दल एकच सांगते. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आणि सकाळच्या मिस्सा संपल्यावर दुपारी पॅरिशमधली सगळी घरे भरलेली असतात, आणि फादर कुणाकडे तरी जेवायला गेले असतील, असे प्रत्येक घर गृहीत धरते. आचारीही सुट्टीवर असतो. मग टेबलावर कोणीतरी आणून दिलेला प्लम केक आणि फ्रिजमधला कालचा भात. या वर्षी पंधरा दिवस आधी विचारा आणि बोलावलेत तर वीस पाहुण्यांच्या गर्दीत मानाची खुर्ची देऊन बसवू नका; घरच्यांबरोबर जेवू द्या आणि दोनला झोपायला सोडा. एरवी डबा पाठवायचा तर आधी आचाऱ्याला विचारून, दोन-चार कुटुंबांत वार वाटून पाठवा, आणि साखर किंवा रक्तदाब आहे का, हे विचारायला विसरू नका. सावजी रस्सा प्रेमाने दिला, तरी दक्षिणेतल्या पोटाला तो पहिल्याच महिन्यात सोसेल असे नाही. धर्मगुरूला वर्षातून महिनाभर सुट्टीचा हक्क आहे (कलम ५३३). ते गावी आईला भेटायला जातात तेव्हा “फादर कधीच जागेवर नसतात” असे म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा.

आता तुमच्या मुलाचा दुसरा प्रश्न, आणि इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. धर्मगुरूसाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याच्या गैरवर्तनावर पांघरूण घालणे नव्हे. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले, किंवा तसे होण्याचा धोका दिसला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही त्यासाठी आहे. आधी पॅरिश कौन्सिलशी बोलू, आधी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करू, असे तिथे चालत नाही. चर्चच्या अंतर्गतही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशी प्रकरणे चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले आणि २०२३ मध्ये ते नियम कायम केले. पैशाच्या व्यवहारात गडबड दिसली तर आर्थिक समितीत विचारा, उत्तर मिळाले नाही तर आर्चबिशपांना सही करून पत्र लिहा. बिनसहीचे पत्र लिहू नका. आपले म्हणणे आदरपूर्वक पाळकांपुढे मांडण्याचा हक्क, आणि प्रसंगी कर्तव्यही, चर्चच्या कायद्याच्या कलम २१२ ने तुम्हाला दिलेले आहे. अशा प्रसंगी प्रार्थना चालूच ठेवायची, आधी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी आणि मग त्या धर्मगुरूसाठी. पण ती कृतीच्या जागी येऊ शकत नाही.

तुमच्या फादरांच्या बाबतीत मात्र जे काही तुम्ही लिहिले आहे, त्यात असे काहीही नाही. अडखळते मराठी, लांबलेले प्रवचन आणि दुपारची चिडचिड यांचा गैरवर्तनाशी संबंध नाही, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ करणाऱ्या पॅरिशला खरी तक्रार आली तेव्हा ती ओळखू येत नाही. किरकोळ उणिवांसाठी मत्तय १८:१५ पुरेसे आहे: जा आणि त्याला एकांतात सांग. फादर, तुमचे बोलणे मुलांना कळत नाही आणि आम्हाला ते ऐकायचे आहे, एवढे सरळ वाक्य त्यांच्या तोंडावर बोलणारा एकजण, पाठीमागे कौतुक करणाऱ्या दहाजणांपेक्षा त्यांच्या जास्त उपयोगी पडेल. आणि आधीच्या फादरांशी होणाऱ्या तुलनेचे फार मनावर घेऊ नका. ते आले तेव्हा त्यांचीही त्यांच्या आधीच्यांशी तुलना होत असणार, आठवून पाहा.

ग्रुपवर कोणाला खडसावू नका आणि बायबलची वचनेही टाकू नका, त्याने वाद पेटतो. फादरांशी बोलून वेळ ठरली की फक्त एवढा निरोप टाका: “रविवारच्या वाचनांची तयारी दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता सभागृहात होईल. फादर येणार आहेत. ज्यांना उच्चारांबद्दल काही सांगायचे आहे, त्यांनी जरूर यावे आणि एक वाचन स्वतः करून दाखवावे.”